आकाशगंगेचा फोटो कोणी काढला?

शाळेच्या व्हरांड्यात किंवा विज्ञानाच्या खोलीत एक रंगीत तक्ता हमखास टांगलेला असतो. ‘विश्वाची ओळख’ किंवा ‘अवकाश संशोधनाची वाटचाल’ असे काहीतरी त्याचे नाव. डाव्या बाजूला सूर्यमाला, तिच्याखाली आपली आकाशगंगा, त्याखाली दीर्घिकांचे पुंजके. उजव्या बाजूला सनावळी : १९५७ स्पुटनिक, १९६१ गागारिन, १९६९ चंद्रावर माणूस, १९७५ आर्यभट, १९८४ राकेश शर्मा, आणि तक्ता नवा असला तर २०२३ चांद्रयान-३. गोंदिया जिल्ह्यातल्या ज्या शाळांत आम्ही शिकवले, तेथे या ना त्या रूपात हा तक्ता आमच्या सोबतीला होता. त्यावर छडी ठेवून आम्ही शिकवले, परीक्षेत त्याच्यावर प्रश्न विचारले. पण तो नीट वाचला मात्र नाही.

तो वाचला सातवीतल्या एका मुलीने. आकाशगंगेच्या भोवऱ्यासारख्या चित्रावर एक बाण काढलेला होता आणि त्यापुढे लिहिले होते, ‘आपण येथे आहोत’. ती म्हणाली, “सर, हा फोटो कोणी काढला? इतक्या दूर कोण गेलं होतं?”

आमच्यापैकी जे वर्गावर होते त्यांनी “उपग्रहाने काढला” असे सांगून वेळ मारून नेली. उत्तर साफ चूक होते. संध्याकाळी आम्ही चार-पाच जण एकत्र बसलो तेव्हा त्यांनीच ते कबूल केले, आणि त्यातूनच हा लेख निघाला. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. आमच्यापैकी बाकीच्यांनीही बहुधा तेच उत्तर दिले असते. आणि त्या मुलीच्या प्रश्नात जो समज दडला होता, तो तिला दुसऱ्या कोणी नव्हे, या तक्त्यानेच दिला होता.

तक्त्याची खरी चूक

अशा तक्त्यांवर टीका करायची झाली की आपण प्लूटोकडे बोट दाखवतो. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले, तरी जुन्या तक्त्यांवर नऊ ग्रह आहेत. काही शाळांत त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. ही चूक खरी, पण किरकोळ. पट्टी लावली की ती संपते.

दुसरी चूक प्रमाणाची. तक्त्यावर पृथ्वी एक सेंटीमीटर व्यासाची काढली, तर त्याच प्रमाणात नेपच्यून दाखवायला साडेतीन किलोमीटर लांबीचा कागद लागेल. तेवढा कागद कोणी छापणार नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण ‘हे चित्र प्रमाणात नाही’ एवढे चार शब्द छापायला काय हरकत होती?

तिसरी चूक मात्र पट्टी लावून झाकता येणार नाही अशी आहे. डावीकडे विश्वाचा नकाशा आणि उजवीकडे यानांची यादी, अशी ही मांडणी. नकाशा कसा तयार झाला याविषयी तक्त्यावर एक ओळही नाही. मग डोके चालवणारे मूल काय निष्कर्ष काढेल? उजवीकडची याने निघाली, दूर गेली आणि त्यांनी डावीकडचे फोटो आणले! त्या मुलीने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. तिच्यापुढे मांडलेला पुरावाच अपुरा होता.

जमिनीच्या नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते, दिशा दाखवलेली असते, मोजणी कोणी आणि कधी केली हे असते. सातबाऱ्याशी जुळत नसेल तर शेतकरी तो नकाशा घेऊन थेट भूमापनाच्या कचेरीत जातो. विश्वाच्या नकाशाकडे मात्र आपण देवादिकांच्या तसबिरीकडे पाहावे तसे पाहतो. ज्या नकाशाखाली मोजणीची रीत लिहिलेली नाही, तो मुलाकडे समज मागत नाही, केवळ विश्वास मागतो.

याने किती दूर गेली?

तक्त्याची उजवी बाजू तपासण्यासाठी आम्ही एक हिशेब मांडला. तो वर्गात करून पाहण्यासारखा आहे. १० लाख किलोमीटरला १ मीटर असे प्रमाण धरू. मग सूर्य सुमारे १.४ मीटर व्यासाचा, म्हणजे बैलगाडीच्या मोठ्या चाकाएवढा होतो. हे चाक गोंदियाच्या रेल्वे स्थानकाबाहेर उभे करू. तेथून १५० मीटरवर पृथ्वी, रानबोराएवढी. तिच्यापासून ३८ सेंटीमीटरवर चंद्र, ज्वारीच्या दाण्याएवढा. सोललेल्या नारळाएवढा गुरू पाऊण किलोमीटरच्या थोडा पुढे, आणि शेवटचा नेपच्यून साडेचार किलोमीटरवर.

आता याने ठेवू. माणूस आजवर जेथवर जाऊन आला ते सगळे अंतर या नकाशात वीतभर-दीड वीतभर आहे : बोरापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत आणि जेमतेम त्याच्या मागच्या बाजूपर्यंत. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे माणसाने पाठवलेले सर्वांत दूरचे यान. ते सुमारे २५०० कोटी किलोमीटरवर पोचले आहे. आपल्या नकाशात ते २५ किलोमीटरवर, म्हणजे आमगावच्या आसपास येते. जवळजवळ अर्ध्या शतकाची वाटचाल, आणि पोचले आमगावला!

आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा? तो या नकाशात सुमारे ४०,००० किलोमीटरवर आहे. पृथ्वीचा घेरही तेवढाच. म्हणजे गोंदियाहून पूर्वेकडे चालत निघालो आणि सगळ्या पृथ्वीला वळसा घालून पुन्हा गोंदियाला आलो, की एवढे अंतर भरते.

हा सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा हिशेब झाला. आकाशगंगेचे केंद्र सूर्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. तेव्हा आकाशगंगेबाहेर जाऊन फोटो काढून आणण्याची गोष्टच सोडा. तक्त्यावरचे ते चित्र चित्रकाराने काढलेले आहे. मात्र ते मनचे नाही. त्यामागे मोजणी आहे, आणि ती सगळी आकाशगंगेच्या आत बसून केलेली आहे.

आत बसून नकाशा

नागझिऱ्याच्या जंगलात एखाद्याला एका झाडाशी उभे केले आणि जागचे हलायचे नाही असे बजावले, तर तो जंगलाचा नकाशा काढू शकेल काय? चहूकडे पाहून कोणत्या दिशेला झाडी दाट, कोणत्या दिशेला विरळ, हे तो मोजू शकेल. विल्यम हर्शेल यांनी १७८५ साली नेमके हेच केले. दुर्बिणीतून वेगवेगळ्या दिशांचे तारे मोजले आणि आकाशगंगेचा पहिला मोजणीवर आधारलेला नकाशा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला.

नकाशा चुकला होता, पण का चुकला ते पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यात पहाटे धानाच्या बांधीत उभे राहिले आणि धुके दाटलेले असले, तर चहूकडे सारख्याच अंतरापर्यंत दिसते. मग पाहणाऱ्याला वाटते की आपण शिवाराच्या अगदी मध्यावर आहोत. प्रत्येक बांधीतल्या माणसाला तसेच वाटते! आकाशगंगेतही असेच धुके आहे, ताऱ्यांमधल्या धुळीचे. हर्शेलना ते ठाऊक नव्हते. पुढे १९१८ साली हार्लो शॅप्ली यांनी तारकांच्या गोलाकार गुच्छांची अंतरे मोजली. हे गुच्छ आकाशगंगेच्या पट्ट्याच्या वर-खाली, धुक्याबाहेर पसरलेले असतात. ते सगळे मिळून आकाशात एका बाजूला झुकलेले दिसले. तेव्हा कळले की सूर्य मध्यभागी नाही, बराच कडेला आहे. १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी धुळीचा पुरावा दिला. १९५१ पासून हायड्रोजन वायूच्या रेडिओलहरी टिपता येऊ लागल्या. त्या धुळीतून आरपार येतात. त्यांच्या आधारे भोवऱ्याचे फाटे रेखाटता आले. त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. ‘आपण येथे आहोत’ या तीन शब्दांमागे दीडशेहून अधिक वर्षांची मोजणी आहे, आणि वाटेत एक मोठी चूकही आहे.

तीन मोजपट्ट्या

या मोजणीचा पाया समजायला गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीची खिडकी पुरेशी आहे. जवळचे खांब सर्रकन मागे जातात, शेतातली झाडे सावकाश सरकतात, दरेकसाचे डोंगर मात्र बराच वेळ आपल्याबरोबर चालल्यासारखे वाटतात. जो जास्त सरकतो तो जवळ, जो कमी सरकतो तो दूर. या सरकण्याला पराशय म्हणतात. पृथ्वी ही अशीच एक गाडी आहे. सहा महिन्यांत ती सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, ३० कोटी किलोमीटर पलीकडे जाते. तेव्हा जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसले पाहिजेत.

पण हे ‘किंचित’ फारच किंचित आहे. १८३८ साली फ्रीडरिख बेसेल यांनी हंस या तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचा पराशय मोजला, तो एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी होता. दहा रुपयांचे नाणे सुमारे १८ किलोमीटरवर, म्हणजे गोंदियाहून पाहताना गोरेगावच्याही पलीकडे धरले, तर ते जेवढे दिसेल तेवढा हा कोन! तो मोजल्यावर ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा माणसाच्या हाती आले. आमच्या मते तक्त्यावरच्या सनावळीत १८३८ हे साल १९६९ च्या शेजारी मानाने छापले पाहिजे.

दुसरी मोजपट्टी दिव्याची. दिवा किती वॅटचा आहे हे ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. ताऱ्याचा ‘वॅट’ कसा कळायचा? १९१२ साली हेन्रिएटा लेव्हिट यांनी ते दाखवले. पेरू देशात घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या काचा त्या अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत बसून तपासत होत्या. सेफीड जातीचे तारे ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होतात. हा काळ जेवढा मोठा, तेवढे ताऱ्याचे खरे तेज जास्त, हे त्यांच्या ध्यानात आले. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीतल्या ‘तेजोमेघा’त असा तारा सापडला आणि तो मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे सिद्ध झाले. त्यांनी काढलेले अंतर नऊ लाख प्रकाशवर्षे होते. आज ते २५ लाख मानतात. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात हे तेव्हा माहीत नव्हते, म्हणून हा फरक पडला. येथेही चूक आहे, आणि ती कशी दुरुस्त झाली हेही कळते.

तिसरी मोजपट्टी वर्णपटाची. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात. जेवढी दीर्घिका दूर, तेवढे हे सरकणे जास्त, असे हबल यांनी १९२९ साली दाखवले. म्हणजे रेषा किती सरकली ते मोजले की अंतराचा अंदाज येतो. या रीतीने १९८६ साली मार्गारेट गेलर, जॉन हुक्रा आणि व्हॅलरी द लापारां यांनी सुमारे ११०० दीर्घिकांचा नकाशा मांडला. तेव्हा दिसले की दीर्घिका विश्वात भुरभुरल्यासारख्या विखुरलेल्या नाहीत. साबणाच्या फेसात पाणी जसे बुडबुड्यांच्या पडद्यांवर असते, तशा त्या रिकाम्या जागांच्या कडांवर दाटलेल्या आहेत. यासाठी वापरलेली दुर्बीण दीड मीटर व्यासाची होती आणि जमिनीवर होती.

पुण्याहून दिसलेली सरस्वती

हे सगळे परदेशातलेच झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्या राज्यातले पाहू. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती नव्वदीच्या दशकात उभी राहिली. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींत आकाशाची पाहणी केली. त्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत आकाशाचा ९० टक्के भाग आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओस्रोत आहेत.

त्याच वर्षी पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड समूह शोधल्याचे जाहीर केले. त्याला त्यांनी ‘सरस्वती’ हे नाव दिले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि ६० कोटी प्रकाशवर्षे पसरला आहे. त्यासाठी त्यांनी यान सोडले नाही. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने केलेल्या ‘स्लोन’ पाहणीतल्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. त्या नोंदी चाळून, दीर्घिकांची अंतरे मांडून त्यांनी सरस्वती ओळखली. या नोंदी पुण्यात जशा खुल्या आहेत तशाच गोंदियातही आहेत. आपल्या तक्त्यावर मात्र खोडदही नाही आणि सरस्वतीही नाही.

यानांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पृथ्वीचे वातावरण प्रकाशाला थरथरवते आणि कित्येक प्रकारचे किरण खाली येऊच देत नाही. डोळा त्या पांघरुणाबाहेर नेण्याचे काम यानेच करतात. युरोपचे गाया हे यान २०१३ साली निघाले आणि २०२५ च्या जानेवारीपर्यंत वेध घेत होते. त्याच्या २०२२ च्या सूचीत सुमारे १८० कोटी ज्योतींच्या नोंदी आहेत. बेसेलने एका ताऱ्याचा पराशय मोजला, गायाने त्यांतल्या बहुतेकांचा. पण तेही गेले किती दूर? १५ लाख किलोमीटर. आपल्या नकाशात बोरापासून दीड मीटर! फार दूर जाण्यासाठी ते निघालेच नव्हते. नीट पाहता यावे म्हणून ते तेवढे बाहेर गेले. तक्त्यावर ‘प्रथम कोण गेले’ याची यादी आहे, ‘काय मोजले’ याची नाही.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत थोडे न्यायाने बोलले पाहिजे. नववीच्या पुस्तकात ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ हा पाठ आला आणि २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘अवकाश मोहिमा’. आधी पाहणे, मग जाणे, हा क्रम योग्यच आहे. पण आम्ही शिकवताना काय करतो? दुर्बिणीच्या पाठात आकृती काढून नावे देतो आणि मोहिमांच्या पाठात सनावळी पाठ करून घेतो. अंतर कसे मोजले हा प्रश्न दोन्ही पाठांच्या फटीतून निसटतो. तक्त्याइतकेच आम्हीही दोषी आहोत.

खाट आणि तीन चोर

शेवटी एक नकाशा, जो कोणत्याच तक्त्यावर नाही. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे पंधरा गोंड गावांत जाऊन तेथले लोक आकाश कसे पाहतात याची नोंद केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यांतले चार तारे म्हणजे खाट आणि शेपटीतले तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. आपल्या जिल्ह्यातल्या गावांतही आजी-आजोबांना विचारले तर खाटेची, नांगराची, तिफणीची अशी आकाशचित्रे निघू शकतील. ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ अशी फुशारकी मिरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. खाटेच्या गोष्टीने अंतर मोजता येत नाही. पण नकाशा काढण्याची पहिली पायरी तीच आहे : रोज पाहणे, खुणा ठरवणे, कोणती खूण कोणत्या महिन्यात कोठे असते ते लक्षात ठेवणे. आणि ती पायरी चढायला कोठे जावे लागत नाही. आमच्याकडची काळोखी रात्र पुरते. शहरातल्या शाळांकडे तीही उरलेली नाही.

तेव्हा तक्ता काढून टाकू नका. नवा विकत आणा असेही आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक चित्राखाली मुलांकडून एक चिठ्ठी लावून घ्या. तिच्यात तीनच गोष्टी असाव्यात : हे कोणी मोजले, कसे मोजले आणि आधी काय चुकले होते. ज्या चित्राची चिठ्ठी आपल्याला लिहिता येणार नाही, ते आपण आजवर समजून न घेता शिकवत होतो, असे खुशाल मानावे. आम्हांला आमच्या तक्त्यावर अशी बरीच चित्रे सापडली.

त्या मुलीला योग्य उत्तर द्यायला आम्हांला पंधरा दिवस लागले. धुक्यातल्या बांधीची गोष्ट ऐकून झाल्यावर तिनेच आकाशगंगेच्या चित्राखालची चिठ्ठी लिहिली : ‘हा फोटो नाही. बाहेर कोणी गेले नव्हते. आत राहून मोजले आहे.’ आणि मग तिने पुढचा प्रश्न विचारला. “सर, अजून कुठे धुकं असेल, जे आपल्याला माहीत नाही?”

त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. या वेळी आम्ही तसे सांगितले.